गजूच्या ओसरीत आज इलेक्शन झालं

मंडळी, मयताच्या घरी भेटायला जाताना लोक मोबाइल घरी का ठेवत नाहीत, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

सकाळी सुलतानपूरला गेलो होतो. माझा शाळेपासूनचा दोस्त गजू, त्याचे वडील चार दिवसांपूर्वी वारले. ओसरीत सतरंजी टाकलेली, गजू भिंतीला टेकून बसलेला, शेजारच्यांनी चहा आणलेला.

बसून पाच मिनिटं झाली. मग एका काकांनी कुठल्याशा पुढाऱ्याच्या भाषणाचा व्हिडिओ लावला, तोही फुल आवाजात! "ऐका, कसा धुतला त्याले!" झालं. जिल्हा परिषदेचं तिकीट कोणाला, कोण कोणाला पाडणार, सगळं सुरू. एकानं तर मध्येच विनोदी रील दाखवलं आणि चार जण खो-खो हसले. मयताच्या घरात!

माझं डोकं फिरलं होतं. पण काकांनी आमच्या लोणारच्या रस्त्यांचा विषय काढला अन् मग मीही सुटलो. चांगला अर्धा तास.

घरी आलो तर बायकोनं पाणी देत विचारलं, "काय झालतं वो गजूभाऊच्या बाबाईले?"

ते मी ऐकलंच नव्हतं.

गजूनं सांगायला सुरुवात केली होती. "बाबा त्या दिवशी सकाळी..." एवढंच बोलला. त्याला कुणी अडवलं माहीत आहे? मी. "एक मिनिट थांब बे गजू, पयले या काकाले उत्तर देऊ दे मले."

दुपारपासून फोन हातात घेऊन बसलोय. आता त्याला कोणत्या तोंडानं विचारू?