ओढायची मोटर, पळवायची मोटर

“ओ कारकून, आवरा त्या भुताला! आवरा म्हणते न्हवं!”

कोपऱ्यावरच्या काकू ओरडत होत्या. काकूंचा आवाज असा, की त्यांनी अहमदपुरात नवऱ्याला हाक मारली तर चाकुरातले चार-दोन नवरे जेवणावरून उठावेत. टँकरच्या रांगेचा बंदोबस्त त्यांच्याकडे होता, तो सरकारने दिला नव्हता, आवाजाने दिला होता. आणि त्या माझ्यावर ओरडत होत्या, कारण रिमोट माझ्या हातात होता. भूत म्हणजे माझा ट्रक. खऱ्या ट्रकच्या दहाव्या हिश्श्याचा, लालभडक, रेडिओच्या इशाऱ्यावर पळणारा. त्याला मागे लोखंडी पट्ट्यांची छोटी ट्रॉली जोडलेली, ट्रॉलीवर माझ्या आत्याची काठोकाठ भरलेली घागर, आणि हा गडी गल्लीच्या चढावर पुढची दोन्ही चाकं हवेत उचलून उधळलेला.

इथे हसू येईल, मला ठाऊक आहे. हीच गोष्ट मी कचेरीत सांगतो तेव्हा लोक चहा सांडेपर्यंत हसतात. पण तिथे मी आत्याचं सांगत नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, शाळेत आया म्हणून नोकरी करून पेन्शनवर आलेली. मी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि तिच्याकडेच राहू लागलो. तिचा जन्म मुखेडकडच्या खेड्यातला. ती लहान असताना आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर चढायची मुभा नव्हती. ती आईबरोबर खाली घागर धरून उभी राहायची आणि वर कुणाच्या मनात आलं तर पोहरा ओतला जायचा. कधी लगेच, कधी दुपार टळल्यावर. पुढे आमचं घर बौद्ध झालं, आत्या चार बुकं शिकली, नोकरीला लागली, स्वतःच्या नावावर दोन खोल्या बांधल्या. आणि तिने मनाशी एक नियम केला: कुणी ओतलेलं पाणी घ्यायचं नाही. लग्नात पंगतीत वाढप्या पाण्याचा जग घेऊन आला की ती त्याच्या हातातून जग काढून घेई आणि आपला पेला आपण भरी. वाढप्याला वाटे बाई मदत करतेय. मला ठाऊक होतं काय चाललंय ते.

तर असा नियम, आणि वर तो दुष्काळ. मांजरा नदी आटलेली, नळ म्हणजे भिंतीला ठोकलेली शोभेची वस्तू. लातुरात माणसं पाण्याच्या पिंपांना कुलपं लावत होती. आमच्याकडच्या चिमण्या, मी शपथेवर सांगतो, चोच मिटून उडायच्या, तोंडातला ओलावा सुकू नये म्हणून. आठवड्याकाठी टँकर येई तोही गल्लीच्या तोंडाशी, खाली, रस्त्यावर. वर यायला चढ. तो चढ एवढा खडा, की वरून टाकलेली शिवी खाली पोचेपर्यंत मवाळ झालेली असे. आत्याचा एक गुडघा कामातून गेलेला. गल्लीतल्या पोरी म्हणत, “आत्या, आमी आनून देतो की.” ती म्हणे, “हाव, सांगीन.” आणि सांगत नसे. मला तर घागरीला हात लावू देत नसे. टँकरचं पाणी तिला चालायचं. ते सरकारचं, हक्काचं, आणि पाइप ती स्वतःच्या हातात धरी. अडत होतं ते फक्त चढावर.

तेव्हा मी म्हणालो, “आत्या, माझा ट्रक ओढील तुझी घागर.”

तोवर तो ट्रक म्हणजे घरातली लाजिरवाणी गोष्ट होता. घोडा झालेला भाचा दर रविवारी मार्केट यार्डाच्या मोकळ्या मैदानात खेळणं पळवतो, हे ती शेजारणींना ‘इलेक्ट्रिकचं काम शिकून राहिला’ असं सांगे. पण त्या दिवशी तिने ट्रककडे पहिल्यांदा नीट पाहिलं, चाक बोटाने फिरवून बघितलं आणि म्हणाली, “यंत्राचे उपकार नसतेत. ओढत असंल तर ओढू दे.”

तिने माझ्याकडे जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं.

ट्रक जसा होता तसा मात्र तो घागर ओढणाऱ्यातला नव्हता. नुसती रिकामी ट्रॉली लावली तरी आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात कटकट वाजायचे. त्याला नवे पार्ट हवे होते. म्हणून मी एसटीने नांदेड गाठलं. तिथे माझा एक दोस्त मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि हैदराबादहून या गाड्यांचे पार्ट मागवायचा. त्याचाही एक ट्रक होता, निळा. मागच्याच महिन्यात त्याने आमच्या मैदानावर येऊन, आमच्याच पोरांसमोर, माझ्या ट्रकला अशी धूळ चारली होती की माझ्या केसांतून ती आठवडाभर निघत होती.

त्याने काउंटरवर दोन मोटरी ठेवल्या. एक ठेंगणी, आत तारेचे वळसे जास्त, गतीने मंद पण ओढीला पक्की. दुसरी चकचकीत, निळ्या टोपीची, वाऱ्यासारखी.

“मामू, पैले सांग,” तो म्हणाला, “वढायचं हाय का पळवायचं?”

“दोन्ही.”

“दोन्ही नसतंय. बैल नेतो का घोडा?”

“घोडा दे. पन दात बैलाचे बसव.”

तो खदखदून हसला. म्हणाला, “घागरीचं सांगत व्हतास न्हवं? आत्याच्या?”

“वढंल की. ताकद तं हाय.”

“ताकद हाय. पन ही हळू चालत न्हाई. आधी अडखळती, मग झेपावती. परत सांगू नगंस, सांगितलं न्हाई म्हणून.”

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. या नादात पडलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. ओढायचं तर मंद मोटर, मोटरवर लहान गिअर, पुढच्या आसावर थोडं वजन, म्हणजे गाडी मुंगीसारखी चढते. पण मुंगीकडे मैदानावर कोण बघतं? माझ्या डोळ्यांसमोर निळा ट्रक होता. मी वाऱ्याची मोटर घेतली, पोलादी गिअर घेतले, धक्के झेलायला तेल भरलेले शॉक घेतले आणि टायर असे घेतले की त्यांच्या खाचांत खारीने संसार थाटावा. एसटीत सगळा वेळ पिशवी मांडीवर होती. लोहा गावाच्या पुढे शेजारच्या बाबांनी विचारलं, “काय हाय, औषध का?” मी म्हणालो, “हाव, आत्याच्या गुडघ्याचं.”

घरी आत्याला सांगितलं, “खास तुझ्यासाठी पार्ट आणलेत.” तिने सामान देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवते की काय असं मला वाटलं. ठेवलं नाही, पण जागा मोकळी केली होती.

आता चाचणी. घागरीत पाणी भरून चाचणी घ्यायची म्हणजे त्या दिवसांत गल्लीने मला जिवंत सोडलं नसतं. म्हणून मी घागरीत ज्वारी भरली. अंगणात ट्रक सोडला. जरा अडखळला, मग सुटला, आणि ज्वारीने भरलेली घागर घेऊन असा ऐटीत फिरला की आत्याने पदर तोंडाला लावला. मी तिला हसताना फार कमी पाहिलंय. तिने शेजारणींना बोलावून दाखवलं. “आता मला कुनाची गरज न्हाई,” म्हणाली. ज्वारी हिंदकळत नाही, बसवली तशी बसून राहते, हे त्या अंगणातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आम्ही ज्वारीवर वाढलेली माणसं. वजन म्हटलं की आम्हाला पोतंच आठवतं.

टँकर आला त्या सकाळी रांगेत पुढे घागरी आणि पिंपं, मागे माणसं, असा थाट होता. मी रिमोट गळ्यात अडकवून हिंडत होतो. त्या दिवसांत नवा जिल्हा होणार अशी हवा होती, आपला तालुका त्यात जाणार की लातुरातच राहणार यावर कटिंग चहाचे हंडे रिकामे होत. आणि मी पडलो तहसीलचा कारकून.

“जिल्हा झाल्यातच जमा हाय,” मी रांगेला सांगत होतो. “फाईल माझ्या टेबलावरून गेली. कलेक्टरचं हापिस, मोठं पाइप, चोवीस तास पानी.” फाईल गेली होती हे खरं, पण ती गायरानातल्या बाभळींच्या लिलावाची होती.

“आन तवर?” कोणीतरी विचारलं.

“तवर हा,” मी म्हणालो आणि ट्रककडे बोट केलं.

आत्याचा नंबर शेवटून दुसरा. तिने पाइप स्वतः धरला, ट्रॉलीवरची घागर काठोकाठ भरली आणि तोंडावर ओल्या फडक्याची गाठ मारली. मागे शेवटचं पिंप अर्धं भरलं आणि टँकर गुरगुरून रिकामा झाला. सगळी गल्ली चढाच्या दोन्ही अंगांना उभी. मी बटण हलकेच दाबलं.

मोटर अडखळली. ट्रक थरथरला आणि घागरीतलं पाणी मागे गेलं. मी अजून दाबलं. ट्रक पुन्हा थरथरला, पाणी पुढे आलं. तेव्हा सोडायला पाहिजे होतं. पण माणसं बघत होती, आणि मी बटण पार आत दाबलं. काकूंची ती हाक त्याच वेळची. ट्रक झेपावला, ट्रॉली कलंडली, आणि घागर चढावरून ठणठण आदळत थेट टँकरच्या चाकापर्यंत गेली. प्लास्टिकचे गिअर असते तर दात मोडून गाडी जागीच थांबली असती, घागर जागेवर राहिली असती. पोलाद मोडलं नाही. ट्रक एकटाच, हलका होऊन, वर आमच्या दाराशी जाऊन थांबला.

पाणी मातीने असं प्यालं, की क्षणभराने तिथे डागही उरला नाही.

“जिल्हा व्हायच्या आधीच धरान फुटलं,” मागून एकजण म्हणाला. लोक हसले. मीही हसलो, हे सांगायला लाज वाटते, पण हसलो. मग हसू एकेका तोंडावरून विझत गेलं, कारण सगळ्यांचं लक्ष आत्याकडे गेलं. ती लंगडत खाली गेली होती. पोचा आलेली घागर उचलून तिने आत डोकावलं, आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली.

काकू आपल्या पिंपापाशी गेल्या. एक शब्द न बोलता त्यांनी तांब्या बुडवला, येऊन आत्याच्या घागरीत ओतला. मग त्यांच्या सुनेने. मग समोरच्या घरच्या म्हातारीने, जिच्या घरात सहा तोंडं होती. मग ज्याने धरणाचा विनोद केला त्याने, मान खाली घालून. एकेकाचा तांब्या. ज्या दिवसांत माणूस पाव्हण्याला पाणी विचारताना दोनदा विचार करी, त्या दिवसांत. त्यांच्या मनात माया होती. माया होती म्हणूनच तिला नाही म्हणता येत नव्हतं. आणि नियमाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक होतं.

गुडघ्यामुळे तिला घागर उचलून धरता येईना. ती चढाच्या खालच्या अंगाला बसली, घागर दोन्ही हातांनी धरली आणि माणसं वरून ओतत राहिली. तिने तोंड बाजूला वळवलं होतं. हात मात्र हलू दिले नाहीत, कुणाचं पाणी सांडू नये म्हणून.

मी रिमोट शर्टाच्या आत लपवला. जमीन दुष्काळाने जागोजाग फाटलेली होती, पण माझ्या मापाची भेग एकही नव्हती.

घागर मीच वर आणली. तिने अडवलं नाही. त्याचंही वाईटच वाटलं. स्वयंपाकघरात मी ती ओट्यावर ठेवली. तिने पाणी गाळलं नाही, वर ताटली झाकली. दुपारभर ती तशीच होती. मी चार वेळा काहीतरी निमित्त काढून आत जाऊन आलो. ताटली हललेली नव्हती. आत्या भाकरी खाऊन, तोंड कोरडं तसंच, भिंतीला टेकून बसलेली.

मी ट्रक पलंगाखाली सारला. दिवेलागणीला पुन्हा आत गेलो तर तांब्या ओट्यावर पालथा होता, ओला.

“आत्या,” मी म्हणालो, “नांदेडला जाऊन ती दुसरी मोटर आणतो. हळू चालणारी. पुढल्या टँकरला काही व्हनार न्हाई.”

तिने कोपऱ्यातली केरसुणी उचलली. मग मी विचारायचं नव्हतं ते विचारलं.

“पानी पिलीस का?”

“पिले,” ती म्हणाली. “पानीच हाय ते. तुझं गाडं पलंगाखालून काढ, झाडायचंय.”