पोरीला जागेवरून उठवणारं पुस्तक

अंदाजे सर कधीच डोंगराकडे पाठ करून बसले नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आपलं पान उचलून समोरच्या रांगेत जायचे, आणि यजमान बिचारा वाढण्यात काही चुकलं की काय म्हणून घाबरायचा. आम्ही पोलादपूरची मुलं त्यावर खूप हसायचो. देवा, काय हसायचो!

नाव आम्हीच पाडलेलं. कशालाही हात लावण्याआधी सर अंदाज सांगायला लावायचे. भाजीवालीने तराजू उचलला की, "थांब गो, आधी मी सांगतो." ती वैतागायची, "सर, तुमच्यापायी माझी बाकीची गिऱ्हाइकं उभी हायत!" सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सहल नेली तेव्हाही थर्मामीटर त्यांच्या खिशात, आणि आम्ही आधी बोट बुडवून आकडा सांगायचा. कुणी चुकलं की स्वारी खूश. "चुकलीस ना? आता विसरणार नाहीस."

पुढे मी लग्न होऊन महाडला आले. माझी मुक्ता नववीत असताना तिचे सांधे सुजायला लागले, बाकावर तासभर बसणं होईना. शाळा सुटली. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं ठरलं. बाकीचे विषय मी कसेबसे ओढले असते, पण फिजिक्स मला स्वतःलाच कधी कळलं नव्हतं. पोरीला पुढे सायन्सच हवं होतं, आणि जो तो ऐकवून जायचा, "घरी बसून कधी सायन्स होतं का?" पाया कच्चा राहिला असता तर तिचं आयुष्य माझ्या हातून बिघडलं असतं. म्हणून मी तीन पर्याय घेऊन सरांकडे गेले: क्लासचं जाडजूड गाइड, मोबाईलवरचा कोर्स आणि घरी करायच्या प्रयोगांचं एक बारकं पुस्तक.

सरांनी गाइड चाळलं. "गणितं बरीच दिसतात."

"सहाशे, सर. सगळी सोडवून दिलेली."

"मग पोरीला काम काय उरलं?"

मी कोर्स लावला. पडद्यावर एक उतार आला, उतारावर लाकडी ठोकळा, आणि गोड आवाजातली बाई सांगू लागली की घर्षण कमी झालं की ठोकळा घसरतो. ठोकळा घसरला. सरांनी पडद्यावर हात ठेवला.

"बंद कर ते."

ते उठून डोंगराकडच्या खिडकीशी गेले. मग म्हणाले, "तुमच्या आधी काही वर्षं आठवीत कमळ नावाची एक मुलगी होती. डोंगराखालच्या वाडीतली. मी फळ्यावर हेच चित्र काढलं होतं. ती उभी राहिली. म्हणाली, सर, आमच्या वाडीच्या वर जमिनीला भेग पडलीय. माझा हात जातो आत. पानी मुरतंय." "मी म्हटलं, ते परीक्षेला येणार नाही. बस खाली."

चार दिवसांनी डोंगर वाडीवर आला. कमळ गेली, तिच्या घरातलं कुणीच उरलं नाही.

"माझ्या अख्ख्या नोकरीत फिजिक्स एकाच मुलीला कळलं," सर म्हणाले. "आणि तिला मी खाली बसवलं."

ज्याला आम्ही विक्षिप्तपणा म्हणून हसलो, तो हा होता. मला स्वतःची लाज वाटली.

सरांनी बारकं पुस्तक माझ्या हातात दिलं. "गाइड शेवटचे तीन महिने, मार्कांपुरतं. तोवर हे. कुठलंही पान उघड आणि एवढंच बघ, ते पोरीला जागेवरून उठवतं का."

"तिचे सांधे दुखतात, सर."

"मग हळू उठेल."

त्यानंतर दर गुरुवारी सर एसटीने महाडला यायचे. मुक्ता घरभर लंगडत उतार रचायची, दोऱ्या बांधायची, आणि तिने काहीही विचारलं की सर खुर्चीतून उठून उभे राहायचे. तिचा प्रश्न संपेपर्यंत उभेच. मला ते पाहवायचं नाही.

निकाल लागला, मुक्ताला सायन्स मिळालं. पेढे घेऊन आम्ही पोलादपूरला गेलो, तर सर अंथरुणाला खिळलेले. माणसं ओळखू येत नव्हती. मी "सर, मुक्ता पास झाली" म्हणाले, ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ते पोरीकडेच टक लावून बघत होते.

"कमळ? भेग केवढी झाली गं?"

कमळचं मी घरी कधी बोलले नव्हते. सरांनीच मुक्ताला कधीतरी सांगितलं असणार. कारण ती गडबडली नाही. पुढे होऊन तिने त्यांचा हात धरला.

"मोठी झालीय, सर. मी वाडीत सगळ्यांना सांगून आले. सगळे खाली उतरलेत. शाळेत आहेत."

"सगळे?"

"सगळे, सर. मीच मोजले."

सरांनी डोळे मिटले. अंथरुणातच जरासे सरकले आणि कडेची जागा हाताने साफ केली.

"मग बस, बाळा. दमली असशील."