हाय पास हाय!

हसायचं तर खुशाल हसा, फक्त तोंडातला चहा आधी गिळा. कारण हा घोळ दुसऱ्या कुणी घातलेला नाही. मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, भर दुपारी घातलाय!

माझं राहात्यात चष्म्याचं दुकान आहे. चष्म्यांतून वेळ उरला की मी सिंथेसायझर घेऊन बसतो. आता सिंथेसायझर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आल्या असतील. माझ्याला पट्ट्या नाहीत. एक लाकडी खोकं, त्यात शेजारी शेजारी बसवलेली छोटी छोटी यंत्रं, आणि एकातून निघून दुसऱ्यात घुसणाऱ्या रंगीत वायरी. एक यंत्र आवाज काढतं, दुसरं तो लांबवतं, तिसरं कापतं. माझी बायको मनीषा त्याला 'विजेची डीपी' म्हणते. पाहुणे आले की त्यावर चादर टाकते.

त्या दिवशी माझा नवा फिल्टर आला होता. पाण्याचा नव्हे हो, आवाजाचा! एवढीशी पट्टी, काडेपेटीहून जरा लांब, पण करामत केवढी! 'लो पास' लावला की फक्त जाड आवाज पुढे जातो. लांबच्या लग्नातला डीजे भिंतीआडून कसा नुसता धुम धुम ऐकू येतो, तसं. 'हाय पास' लावला की उलटं, जाड सगळं गायब, वरचं चिरचिर तेवढं उरतं. आणि 'बँड पास' म्हणजे अधलं-मधलं, फोनवरून ऐकू यावं तसं.

इतका आनंद एकट्याला पेलतो का? मी दुकानातूनच कोपरगावच्या बाळ्याला फोन लावला. बाळ्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, माझा शाळेपासूनचा दोस्त. एरवी गिऱ्हाइकाशी मी 'आहे', 'नाही' असं इस्त्रीचं बोलतो, पण बाळ्याशी बोलताना जिभेची इस्त्री मोडतेच.

"बाळ्या, लई भारी चीज हाय! एवढ्याशा जागेत सगळं हाय. लो पास हाय, बँड पास हाय, हाय पास हाय! नुसतं बटन फिरवायचं. पाहिजे त्याला आत सोडायचं, नको त्याला भायेर अडवायचं. सगळं आपल्या हातात!"

फोन ठेवून वळतो तर दारात आबामामा. मनीषाचे सख्खे मामा, पारनेरकडचे. बाजाराच्या कामाला राहात्यात आले होते आणि भाचीच्या घरी ज्वारीचं पीठ द्यायचं म्हणून दुकानात डोकावले होते. पिशवी हातात तशीच, आणि डोळे वटारलेले.

"जावईबापू, पास हाय?"

"अरे, मामा! या, बसा. चहा सांगतो."

"च्या ऱ्हाऊ द्या. पास हाय म्हनालात न्हवं?"

"हाय पास? आहे की! आजच आला."

"आन सगळं तुमच्या हातात?"

"संपूर्ण!"

आता मला सांगा, आमच्या अख्ख्या गोतावळ्यात आजवर एकाही माणसाने त्या खोक्याबद्दल आपणहून एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. आणि इथे साक्षात मामा विचारतायत! माझा ऊर भरून आला.

मामांनी आवाज खाली आणला. "मग आमाला बी लाभ हुईल का?"

लाभ! किती सुंदर शब्द! पुण्याचे रसिकसुद्धा असं बोलत नाहीत.

"अहो, विचारता काय? या की! सगळ्यांना घेऊन या."

"गयाक्काला आनू का? तिला लई आस हाय. पन गुडघे गेल्यात तिचे. लई उभं ऱ्हावं लागतं का?" गयाक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, आमच्या गयामावशी.

"उभं कशाला? खुर्च्या लावतो ना. मावशींना अगदी समोर बसवू."

"समोर? बसून?"

"हात लावता येईल इतक्या जवळ!"

मामा स्टुलावर बसलेच. "मोबाईल चालतो का आत?"

"बंद ठेवायचा. आणि चपला बाहेर."

"व्हय व्हय, त्ये तर हायेच. येळ किती मिळतो?"

"अर्धा तास तरी. मन भरलं नाही तर आणखी."

"अर्धा तास!" मामांनी माझा हात धरला. "जावईबापू, दुनियेला तिथं घडीभर थांबू देत न्हाईत हो!"

तुमच्या आलं ना लक्षात? शिर्डीच्या उशाशी राहणाऱ्या माणसाला 'पास' म्हटल्यावर काय आठवायला हवं? माझ्या नाही आलं! मी म्हटलं, 'तिथं' म्हणजे मोठ्या शहरातले कार्यक्रम असतील. गुरुवार ठरला. माझं दुकानही गुरुवारी बंद.

मनीषाला सांगितलं तर ती पीठ डब्यात ओतायची थांबली.

"मामा? तुमचं ते ऐकायला येणार? अहो, रेडिओ लागला तरी उठून अंगणात जातात ते."

"माणसं बदलतात," मी म्हणालो.

"एका रात्रीत?" ती म्हणाली, पण पोह्यांची तयारी तिनेच केली.

गुरुवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. टेम्पो! मामा, मामी, गयामावशी, मावशीच्या सुना, शेजारचं नवं जोडपं... उतरणारी माणसं संपेचनात. बाया काठपदरात, गडी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आणि मामांच्या हातातल्या ताटात नारळ, पेढे, हार आणि शाल!

सत्कार! मी खरंच तसं समजलो हो! "अहो, हे कशाला एवढं?" म्हणत मान खाली वाकवली. मामांनी ताट चटकन मागे ओढलं.

"आत्ता न्हाई, जावईबापू!"

बरोबरच आहे, मी म्हटलं. आधी कार्यक्रम, मग सत्कार.

कुणी चहा घेईना, कुणी पोह्यांना हात लावीना. गयामावशीने तर पाण्यालाही नको म्हटलं. "आदी त्ये हुंद्या. मग तोंडात पानी."

उपाशीपोटी संगीत! मला गहिवरून आलं. सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, मावशींना मधोमध, आणि खोक्यावरची चादर काढली. दिवे लुकलुकले. मी लो पास लावला. धुम... धुम...

"मशीन गरम व्हतंय व्हय?" मावशी मामांच्या कानात म्हणाल्या.

"पास निघतुया. गप बस."

ही कुजबुज मला ऐकू आली, पण मी लयीत होतो. हळूहळू हाय पासवर गेलो, आणि शेवटी, प्रेक्षकांना काही तरी भव्य द्यावं म्हणून, धार वाढवायचं बटण पुरतं फिरवलं. ते तसं फिरवलं की फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो. कुकरसारखी नव्हे, कारखान्याच्या भोंग्यासारखी! गल्लीतली कुत्री एकसाथ रडायला लागली.

मावशींनी हात जोडले. "निघाला का?"

"काय?"

"पास!"

"कसला पास, मावशी?"

"दर्सनाचा!"

फिल्टर अजून किंचाळतोच आहे. स्वयंपाकघराच्या दारात मनीषाने कपाळावर हात मारला. "हाय पास... अहो, काय हे!"

मी वायर उपटली. मग जे काही होतं ते मामांना सांगितलं. मामा ताटातल्या शालीकडे बघत बसले. आणि गयामावशी! त्यांचा चेहरा बघवेना. मी काही बोलायला गेलो, तर त्यांनीच हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. इथवर आलोच हाय, तर रांगंनं जाऊ."

पुढची सूत्रं मनीषाने घेतली. शिर्डीला वयस्कर माणसांची रांग वेगळी असते, त्यात ती मावशींना घेऊन गेली. आम्ही बाकीचे मोठ्या रांगेत. गुरुवारची रांग! मामा माझ्या मागेच उभे. रांग इंचाइंचाने सरकत होती. मग हळूच, "जावईबापू, खुर्च्या कुटं लावल्यात?" आणि अख्खी रांग वळून बघेपर्यंत हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

आम्ही बाहेर आलो तेव्हा मावशी केव्हाच्या सावलीत बसल्या होत्या. मांडीवर प्रसाद, डोळे ओले. "लई निवांत झालं रं आबा. आपन उगी पासापायी एवढी वर्सं थांबलो."

घरी येऊन सगळे जेवले. तृप्त होऊन पेंगू लागले. तेवढ्यात गयामावशीच म्हणाल्या, "जावईबापू, सकाळी राहिलं न्हवं तुमचं? लावा की. आमी ऐकतो."

मी लावलं. या खेपेला शिट्ट्या नाहीत, भव्य नाही. नुसता एक जाडसर सूर धरला आणि फिल्टर अगदी सावकाश उघडत नेला. मनापासून वाजवलं हो, अगदी जीव ओतून. मावशी डोळे मिटून शेवटपर्यंत बसल्या. सूर थांबल्यावर उठल्या, गुडघे सांभाळत माझ्यापाशी आल्या आणि पाठीवरून हात फिरवला.

"मनाला लावून घिऊ नका," त्या म्हणाल्या. "दुरुस्त झालं म्हंजी फोन करा. आमी परत येऊ ऐकायला."