लाल पट्टीखालची झाडं

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या वेळेच्या दोन मेसेजमध्ये एक ओळ आली, ‘बी विंगवाले गुरव अंकल नहीं रहे’. मी ऑफिसात होते. आदल्याच रविवारी त्यांनी मला त्यांचा झाडं मोजायचा बांबू घरी घेऊन जायला सांगितलं होतं. तो ते कधीच कुणाकडे देत नसत. मला तेव्हाच कळायला हवं होतं...

इंद्रलोक भागात आमच्या इमारतीमागून उच्चदाबाच्या विजेच्या तारा जातात. त्यांच्याखालच्या पट्टीत वर्षानुवर्षं डेब्रिज पडायचं. गुरवकाका मूळचे रत्नागिरीचे, वीज कंपनीतून निवृत्त झालेले लाइनमन. तिथे चालायला वाट आणि कडेने झुडपं करायची, हा त्यांचा ध्यास. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, इंग्रजीत अर्ज लिहून देशील का? मला नाही म्हणता येत नाही. आमची मैत्री तेवढ्यावर झाली. वीज कंपनीची परवानगी मिळाली ती एका अटीवर. ठरलेल्या उंचीच्या वर एक जरी झाड गेलं, तरी सगळी पट्टी पुन्हा साफ होणार. काकांनी ती उंची बांबूवर लाल कापड बांधून पक्की केली. दर रविवारी ते तो प्रत्येक झुडपाशी उभा करत आणि मी वहीत लिहीत असे... अडुळसा, निरगुडी, कढीपत्ता. कढीपत्त्यावर फुलपाखरं आली, मग मुनिया पक्षी. फरसाणवाल्या जिग्नाबेन रोज सकाळी चालायला येऊ लागल्या.

वाटेच्या वळणावर एक फणस होता. काकू गेल्यावर काकांनी गावच्या आठळीतून रुजवलेला. छाटत राहीन, असं ते म्हणायचे. पण एका रविवारी त्याचा शेंडा कापडाच्या वर गेलेला दिसला. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

“लिही गो बाय,” काका म्हणाले. “नियम पयला घरच्याला.”

छाटून भागणार नाही म्हणत घरून कोयता आणून त्यांनी तो स्वतः बुंध्यापासून तोडला. त्या दिवशी आमच्याकडे चहाला थांबले नाहीत.

शोकसभेत सोसायटीच्या अध्यक्षांनी सुचवलं, काकांच्या आठवणीसाठी त्याच वळणावर वड लावू या. रोप आणून ठेवलंही होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अशा ठिकाणी मागे, दाराजवळ उभी राहते. पण वड वाढणार, काकांच्या नावाचं झाड तोडायला कुणाचा हात धजावणार नाही, आणि एक दिवस कंपनीची माणसं येऊन सगळंच साफ करणार...

“काकांनी हा लावू दिला नसता,” मी म्हटलं. सगळे वळून बघायला लागले. मग मला फणसाचं सांगावंच लागलं. शेवटपर्यंत सांगितलं.

जिग्नाबेन म्हणाल्या, “सही बोलती है. अपने हाथ से काटा था, मैंने देखा है.”

अध्यक्षांनी रोप बाजूला सरकवलं. मग म्हणाले, “बरं, मग काय लावू या? तूच सांग.”

वड पलीकडच्या मैदानात गेला. वळणावर आम्ही करवंद लावलं. त्याला आता नवी पालवी फुटतेय.

बांबू आमच्या दाराआड असतो. कापड विटलंय, आई नवीन बांध म्हणते. मी अजून बांधलेलं नाही, ती गाठ त्यांची आहे. रविवारी तो लिफ्टमध्ये तिरका धरून न्यावा लागतो. हा कशाला, म्हणून कुणी ना कुणी विचारतंच. तळमजला येईपर्यंत मी सांगत असते.