विवाह नोंदवहीतले सत्त्याऐंशीवे पान

सव्वीस वर्षांच्या नोकरीत तपासलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. एका चोरीचे तसे झालेले नाही. चोरीला गेले होते एक जुने पान. बाजारात त्याला कोणी चार आणेही दिले नसते. त्या पानापायी एका मुलाचे पाच वर्षांचे काम गेले, आणि ते चोराने नव्हे, मी घालवले. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. नावे कोणाचीच घेणार नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी आता टोकियोच्या एदोगावा भागात राहतो. पत्नी इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते आणि मी घर पाहतो. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा याचा तक्ता मला तिच्यापेक्षा चांगला पाठ आहे. हा गुन्हा घडला तेव्हा ती आणि मुलगी इथेच होत्या. मी महाराष्ट्रातल्या एका छावणीच्या गावी वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो.

गावात ब्रिटिश काळातले एक चर्च आहे. त्याच्या समितीचे सचिव एका सकाळी लेखी तक्रार घेऊन ठाण्यात आले. जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढण्याचे काम सुरू होते, त्यात विवाहांच्या एका वहीतले सत्त्याऐंशीवे पान कापून नेल्याचे दिसले होते. ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. ‘‘साहेब, लग्न मोडायला माणसं कोर्टात जातात, इथं पानच पळवलंय.’’ मी त्याला गप्प केले आणि गुन्हा नोंदवला. पंचनाम्याला स्वतः गेलो. वहीला एकशे चव्वेचाळीस पाने असायला हवी होती, एकशे त्रेचाळीस भरली. ब्लेडने कापल्याची सरळ कड शिवणीजवळ दिसत होती. ‘एक पान कमी’ असे लिहून पंचांच्या सह्या घेतल्या.

वह्या ज्यांच्या ताब्यात असत ते शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक होते, वय अठ्ठ्याहत्तर. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि त्यांच्या पाठीमागे ‘लॉर्डसाहेब’. कारण त्यांच्या दिवाणखान्यात एक हाताने काढलेली वंशावळ चौकटीत लावलेली होती. सर्वांत वर इंग्लंडमधला एक लॉर्ड, त्याच्याखाली तीन मुलगे, तिसरा मुलगा आमच्या छावणीत आलेला कॅप्टन, कॅप्टनच्या शेजारी दुहेरी रेघेने जोडलेली मास्तरांची मराठी पणजी, आणि मग उतरत उतरत मास्तर. जबाब घ्यायला गेलो तेव्हा मी तो तक्ता पाहिला आणि आमच्या कुलवृत्तांताची आठवण होऊन मनात हसलोही. आपल्याकडेही प्रत्येक घराण्याला मूळ पुरुष शूरच लागतो.

खबर चर्चच्या पहारेकऱ्याने दिली. ‘‘जपानवरनं आलेला एक पोरगा दोन दिवस वह्या चाळीत होता. खोलीत एकटाच. मास्तर घरी गेले तरी हा बसलेला.’’

मी मास्तरांना विचारले, ‘‘तो एकटा होता?’’

‘‘होता,’’ मास्तर म्हणाले.

‘‘त्या वहीपाशी?’’

‘‘होता.’’

मी जेवढे विचारले तेवढेच त्यांनी सांगितले. हे दोन प्रश्न आणि दोन उत्तरे माझ्या हातच्या अक्षरात त्या फायलीत आहेत. तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही.

तो मुलगा पुण्याचा, एकतीस वर्षांचा. टोकियोच्या एका विद्यापीठात शिष्यवृत्तीवर डॉक्टरेट करत होता. विषय होता ब्रिटिश उमराव घराण्यांच्या वंशावळी, त्यातही हिंदुस्थानात आलेल्या धाकट्या मुलांच्या शाखा. जपानने एके काळी ब्रिटिशांकडे पाहून आपल्याकडेही उमराव नेमले होते, त्यामुळे तिथल्या एका वयस्कर प्राध्यापकांना यात रस होता. पाचवे वर्ष चालू होते आणि प्रबंध सहा महिन्यांत सादर व्हायचा होता.

माझी पंधरा दिवसांची अर्जित रजा मंजूर होती आणि जपानचे तिकीट आधीच काढलेले होते. मुलगा टोकियोला परतला होता, त्याला तिथे गाठू का, असे वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, ‘‘भेटायचं तर भेट, पण तिथे आपल्याला काही अधिकार नाही. लेखी काही घेऊ नकोस.’’ मी लेखी काही घेतले नाही. नियम पाळून माणूस किती नुकसान करू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

रजेच्या चौथ्या दिवशी मी निघालो तेव्हा पत्नी म्हणाली, ‘‘रजेवर आलायस की तपासावर?’’

‘‘अर्ध्या तासाचं काम आहे.’’

‘‘तुझा अर्धा तास मी वीस वर्षं बघतेय.’’

उरायासु स्टेशनजवळच्या एका रेस्तराँमध्ये दुपारी दोनला भेट ठरली होती. तो सायकलवरून आला, वेळेच्या दहा मिनिटे आधी. माझ्यासाठी चहा सांगितला, स्वतः पाणीच घेतले. घाबरलेला होता. पण पोलिसासमोर घाबरणे हा काही पुरावा नव्हे. निर्दोष माणसे जास्त घाबरतात, कारण त्यांना सवय नसते.

‘‘या वंशावळींत एवढं काय आहे?’’ मी सुरुवातीला त्याला मोकळे करण्यासाठी विचारले.

‘‘सर, थोरल्या मुलाला पानंच्या पानं मिळतात. किताब त्याचा, जमीन त्याची. धाकट्याला एक ओळ. हिंदुस्थानात गेला, तापाने वारला. बास. माझं सगळं काम त्या एका ओळीवर आहे.’’

‘‘आणि त्यांची इथली मुलंबाळं?’’

‘‘तक्त्यात नवराबायकोंच्या मध्ये दुहेरी रेघ असते, सर. चर्चमधल्या लग्नाची. ती रेघ नसेल तर मुलांना अर्धी ओळही नाही.’’

मग त्याने आणलेली टिपणे चाळून मी मुद्द्यावर आलो. ‘‘सत्त्याऐंशीव्या पानावर काय होतं?’’

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. ‘‘लक्षात नाही, सर.’’

‘‘तू त्या वर्षांच्या सगळ्या नोंदी उतरवल्यास. याच एका पानाच्या नाहीत?’’

‘‘नाही उतरवल्या.’’

‘‘का?’’

‘‘उपयोगाचं काही नव्हतं. आणि सर, पान कापून मी काय करणार? त्या काळात प्रत्येक नोंदीची नक्कल लंडनला जायची. ती तिथे आहेच. पान पळवून काही लपत नाही.’’

हे शेवटचे वाक्य म्हणजे या प्रकरणाचे उत्तर होते: पान कापणाऱ्याला त्या नकलेची माहिती नव्हती, या मुलाला होती. ते तपासाच्या नवव्या दिवशी मला चहाच्या टेबलावर मिळाले, आणि मी त्याला हुशारी समजलो. ‘लक्षात नाही’ हे खोटे होते, ते मी बरोबर पकडले. खोटे आहे म्हटल्यावर पुढचे मी मनातच पूर्ण केले. तो कशासाठी खोटे बोलतो आहे, हे विचारायचे राहिले.

त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन करून मी पत्राचा मसुदा सांगितला. विद्यापीठाला पत्र: आपल्या अमुक विद्यार्थ्याविषयी चर्चची नोंद चोरीस गेल्याप्रकरणी चौकशी चालू आहे, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी. अशी पत्रे मी नोकरीत शेकड्यांनी पाठवली. आपल्याकडे असे पत्र आठ-दहा टेबलांवर फिरते, प्रत्येक जण बारीक सही करतो आणि ते फायलीत जाऊन पडते. कोणी कार्यवाही करत नाही, आणि करावी अशी पाठवणाऱ्याचीही अपेक्षा नसते. ‘योग्य ती कार्यवाही’ हे शब्द आपण सहीच्या वर सवयीने घालतो. माझी कल्पना एवढीच होती की मुलावर थोडा दाब येईल आणि तो बोलेल.

रजेच्या बाराव्या दिवशी मी वाणसामानाची यादी करायला बसलो. मुलीची जुनी वही घेतली आणि मधले एक पान ओढून काढले. त्याबरोबर पलीकडचे पानही सुटून हातात आले. शिवलेली वही अशीच असते, दोन पाने म्हणजे मुळात एकच कागद. मग यादी बाजूला ठेवून आकडे मांडले. चर्चच्या वहीत आठ-आठ पानांची जुडगी होती. एक्क्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी हे अकरावे. त्यात सत्त्याऐंशीचे जोडपान ब्याऐंशी. सत्त्याऐंशी कापल्यावर ब्याऐंशी सुटायला हवे होते. पंचनाम्यात मी सगळी पाने मोजली होती आणि एकही सुटे नव्हते.

‘‘काय झालं?’’ पत्नीने विचारले.

‘‘मी मोजलं, पण बघितलं नाही.’’

परत गेल्यावर पहिल्याच दिवशी वही मागवली. ब्याऐंशीव्या पानाच्या मुळाशी पातळ कागदाची बोटभर रुंदीची पट्टी खळीने इतकी बेताने चिकटवली होती की नखाने चाचपल्याशिवाय कळू नये. चोर कापतो आणि जातो. कापल्यावर वहीची डागडुजी करत बसणारा माणूस म्हणजे जिच्यावर त्याचा जीव आहे अशा वहीचा राखणदार.

मास्तरांकडे मी साध्या वेशात गेलो, बरोबर कोणाला नेले नाही. ‘‘ब्याऐंशीवं पान तुम्ही छान चिकटवलंत,’’ एवढेच म्हणालो.

ते उठले. लोखंडी कपाटातून एक फोल्डर काढला. दोन टिपकागदांच्या मध्ये सत्त्याऐंशीवे पान होते, एकही घडी न पडलेले.

‘‘जाळणार होतो,’’ ते म्हणाले. ‘‘हात धजला नाही. शेवटी नोंद आहे ती.’’

पानावर कॅप्टनच्या लग्नाची नोंद होती. वधू एका इंग्रज मेजरची मुलगी. तारीख मास्तरांच्या आजोबांच्या जन्मानंतर चार वर्षांची, आणि कॅप्टनच्या नावापुढे ‘अविवाहित’ असे लिहिलेले. म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यात कॅप्टन आणि पणजी यांच्यामधली दुहेरी रेघ खरी नव्हती.

‘‘मला तीस वर्षं माहीत आहे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दुसऱ्या कोणी ती वही उघडतच नसे. तो मुलगा पहिल्या दिवशी त्या पानावर फार वेळ थांबला. संध्याकाळी मीच त्याला चहाला घरी आणलं. तो त्या तक्त्यासमोर उभा राहिला, बघितलं, आणि म्हणाला, ‘मास्तर, अक्षर काय सुंदर आहे तुमचं.’ दुसऱ्या दिवशी त्याने ती वही उघडलीसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं, याला कळलंय. तो गेला आणि मी ब्लेड घेतलं.’’

‘‘मी विचारलं तेव्हा गप्प का राहिलात?’’

‘‘तुम्ही विचारलंत, एकटा होता का. होता तो.’’ मग फोल्डर मिटत म्हणाले, ‘‘माझ्या पणजीला गाव काय म्हणेल, ते तुम्हाला शब्दात सांगू का?’’

लंडनच्या नकलेचे मी त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. ‘‘म्हणजे सगळं फुकट.’’

पान परत वहीत गेले. समितीच्या सचिवांना मी मास्तरांसमक्ष सगळे सांगितले. त्यांनी तक्रार पुढे चालवायची नाही असे लेखी दिले आणि पानावर काय आहे याची वाच्यता केली नाही. मास्तरांनी वह्यांचा ताबा सोडला. मी न्यायालयाला अहवाल पाठवला आणि त्याच दिवशी विद्यापीठाला दुसरे पत्र: आपल्या विद्यार्थ्याचा या गुन्ह्याशी काहीही संबंध नाही.

नवव्या दिवशी उत्तर आले, अत्यंत नम्र भाषेत. सदर विद्यार्थ्याने स्वतःहून नाव काढून घेतले असल्यामुळे या विषयी करण्यासारखे काही राहिलेले नाही, कळवल्याबद्दल आभारी आहोत. दोन पत्रांमध्ये सव्वीस दिवसांचे अंतर होते.

पुढे दीड वर्षाने मी नोकरी सोडून इथे आलो. पहिल्या महिन्यातच त्याला शोधून काढले. तो एका कंपनीच्या मदतकक्षात कॉम्प्युटरच्या तक्रारी घेत होता. एदोगावा नदीच्या काठी बाकावर आम्ही बसलो. त्याने दोघांसाठी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, भाताचे त्रिकोणी गोळे आणले होते.

‘‘कोणी काढलं तुला?’’ मी विचारले.

‘‘कोणीच नाही, सर. पत्र आलं त्याच दुपारी सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या प्राध्यापकांनी, बोलावलं. तू केलंस का एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं, त्यांनी मान डोलावली. मग विभागाच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत सेन्सेई उठले आणि माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला म्हणून कमरेत वाकले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. मी दाराशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.’’

‘‘पानावर काय आहे ते सांगितलं असतंस तर सुटला असतास.’’

‘‘काय सांगणार होतो? मास्तरांची पणजी लग्नाची नव्हती, असं? चहा प्यायलो होतो त्यांच्या घरी.’’ तो हसला. ‘‘ते घराणं मी प्रबंधातून वगळणारच होतो, सर. चारशे बारा घराण्यांत एक कमी. कोणाला कळलं असतं?’’

‘‘मी माफी मागायला आलोय.’’

‘‘तुम्ही तुमचं काम केलंत.’’

‘‘नाही केलं. केलं असतं तर पत्र पाठवायची वेळच आली नसती.’’

निघताना सायकलचे कुलूप काढता काढता म्हणाला, ‘‘माझं काय झालं ते मास्तरांना सांगू नका.’’

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते थोडक्यात सांगतो. खोटे बोलणारा पकडणे फार अवघड नसते, थोड्या वर्षांच्या नोकरीत ते जमू लागते. पण माणसे स्वतःला वाचवायला जितके खोटे बोलतात, जवळपास तितकेच दुसऱ्याची लाज राखायलाही बोलतात. दोन्हींत नजर सारखीच खाली जाते. आणि कागदावर सही करताना तो कोणाच्या हातात पडणार आहे, तिथे शब्द खरे मानतात की नाही, याचा विचार आधी करावा. मी तो नंतर केला, आणि नंतर केलेल्या विचाराची किंमत माझ्या पगारातून कापली गेली नाही.

मास्तर दर नाताळला फोन करतात. आवाज आता बारीक झाला आहे. मागच्या खेपेला इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, ‘‘त्या मुलाचं पुस्तक निघालं का हो? म्हणजे, आमच्या घराण्याचं त्यात काही छापून तर येणार नाही ना?’’

‘‘नाही येणार, मास्तर,’’ मी म्हणालो. ‘‘तुमचं काही कुठेही येणार नाही.’’

‘‘भला मुलगा,’’ मास्तर म्हणाले. त्यांचा श्वास मोकळा झाल्याचे मला फोनवर ऐकू आले.