आधी लायब्ररी जोडा

बुधवार पेठेत सोल्डरिंगचा वास आला की तिथल्या एका रेडिओच्या दुकानावरचं आमचं छोटंसं ऑफिस आठवतं. पुण्यात तेव्हा नुकतं कुठे घरोघरी कॉम्प्युटरचं नाव निघू लागलं होतं. बिबवेवाडीच्या एका शाळेला निकालपत्रकं मराठीत छापून हवी होती आणि आमच्या फॉक्सप्रो या सॉफ्टवेअरला मराठी येत नव्हतं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीने त्यासाठी सी भाषेत एक वेगळी लायब्ररी, म्हणजे फॉक्सप्रोला जोडायचा जादा प्रोग्रॅम, लिहिली. काने, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं ठिपक्याठिपक्यांनी रचलं. मुख्याध्यापिका पाहायला आल्या, मी प्रोग्रॅम सुरू केला आणि पडद्यावर संदेश आला, फंक्शन सापडत नाही. "मराठी म्हटल्यावर पळालं वाटतं," बाई म्हणाल्या. शेजारची ती मुलगी शांतपणे उठली. "अहो, आधी लायब्ररी जोडा, मग तिला काम सांगा," म्हणत तिने माझ्या खांद्यावरून वाकून एक ओळ टाइप केली. प्रिंटर करकरला आणि कागदावर 'उत्तीर्ण' उमटलं, अगदी रफारासकट. बाई कितीतरी वेळ तो कागद नुसता बघत राहिल्या. त्या गेल्यावर जिन्यात ती म्हणाली, "अमेरिकेतली नोकरी मिळालीय मला. पुढच्या आठवड्यात निघतेय. लायब्ररीत काही अडलं तर पत्र पाठवाल ना?" मी कौतुकाने म्हणालो, "तुम्ही लिहिलेलं कशाला अडेल?" ती क्षणभर थांबली, हसली आणि जिना उतरून गेली. त्या शाळेचे निकाल पुढे वर्षानुवर्षं बिनबोभाट छापले गेले. एकदा तरी काहीतरी अडायला हवं होतं, असं आता फार वाटतं.