काळुराम जनावर दाखवतो

गडब गावच्या काळुराम म्हात्रेने पेणच्या एकाच कारखान्यात बसून तेहेतीस वर्षांत किती गणपतींना डोळे दिले, ते एका गणपतीलाच ठाऊक. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, पितांबर नेसते, दागिने घालते. पण बुबुळ बसेपर्यंत तिला कुणी नमस्कार करत नाही. पोरं तिच्या डोक्यावर टोपी वाळत घालतात. मग काळुराम पाटावर बसायचा, श्वास आत ओढायचा आणि एका दमात डोळा आखायचा. श्वास सोडला की देव. या कामाला आखणी म्हणतात, आणि कारखान्यात आखणीवाल्याचा चहा मालकाच्या आधी येतो.

चौऱ्याण्णव सालच्या गणपतींची नजर मात्र जराशी फाकली. रोह्याचं जुनं गिऱ्हाईक, कमळाकर, विसर्जन झाल्यावर मुद्दाम एस.टी.ने येऊन सांगून गेले, "पंत, दहा दिवस आरती आम्ही केली आणि देव शेजारच्यांच्या मोदकांकडे बघत होता!"

पंत म्हणजे मोरोपंत, कारखान्याचे मालक. शब्द उच्चारण्याआधी तो कुणाला लागेल का, हे तीनदा बघणारा माणूस. काळुरामला जवळचं दिसेनासं झालंय हे त्यांना कळलं होतं. उपाय एकच, चष्मा. पण कारखान्यात पंतांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता: ज्याला चष्मा लागला त्याने आखणीचा पाट सोडायचा, देवाकडे काचेआडून बघायचं नाही. काळुरामच्या आधीचे आखणीवाले मोरूकाका चष्मा लागला त्या दिवशी पाटावरून उठले ते मरेपर्यंत साच्यात प्लॅस्टर ओतत राहिले. त्यामुळे "काळुराम, चष्मा लाव" याचा अर्थ "काळुराम, ऊठ" असाच होता. शिवाय पंतांचा पुतण्या अनय टपूनच बसलेला. "काका, मुंबईला छापील डोळे मिळतात. नुसते चिकटवायचे."

पंतांनी चार महिने ते वाक्य तोंडात घोळवलं. पेणमध्ये सांगावं तर भिंतीला कान, आणि कान नसला तिथे काळुरामचा कुणीतरी मेहुणा. तेवढ्यात असं झालं की पंतांनी पत्नीबरोबर अंदमानच्या सहलीचे पैसे भरले होते आणि विमलबाई न्हाणीघरात पाय घसरून प्लॅस्टरमध्ये गेल्या. रिकाम्या जागेवर पंतांनी काळुरामला घेतलं. पेणपासून इतक्या लांब, समुद्राच्या पार, तरी जीभ उचलेल असा त्यांचा अंदाज.

काळुराम काय दुधखुळा नव्हता. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "इंदू गो, पंत मला अंदमानला नेतायत."

"काळ्या पाण्यावर?" इंदुबाईने चुलीवरचा तवा खाली घेतला. "काय केलंस तू?"

"पाट काढून घ्यायचाय. हितं सांगाया लाज वाटते म्हणून तिकडं नेऊन सांगणार."

इंदुबाईने तवा परत चढवला आणि भाकरी उलटेपर्यंत विचार केला. "मग त्यांना बोलू देऊच नको. तोंड उघडलं की जनावर दाखव. शहरातून सहलीला जाणारी माणसं जनावर बघायलाच जातात. ती लगेच वळतात."

ही एवढी एक युक्ती गाठीला बांधून काळुराम मद्रासहून अंदमानच्या जहाजात बसला.

पहिल्याच दिवशी कठड्याला टेकून पंतांनी घसा साफ केला. "काळुराम, एक बोलायचं होतं..."

"पंत, मासा! उडणारा!"

आणि खरोखरच एक मासा पाण्यातून निघून पंचवीस हात हवेत गेला. लांबचं काळुरामला असं लख्ख दिसायचं, की पहिल्या दोन दिवसांत सहलीतली सगळी माणसं दुर्बिणी पेटीत ठेवून त्याच्या मागे उभी राहू लागली. पंत बोलायला आले की डॉल्फिन निघत, पंत जवळ सरकले की समुद्रगरुड. तिसऱ्या दिवशी समुद्रात काहीच नव्हतं, तेव्हा त्याने देवमासा दाखवला. सहलीतल्या अर्ध्या लोकांना तो दिसलाही. एकाने फोटो काढला.

बेटावर उतरल्यावर तर चैनच. लाकडाचे ओंडके ओढणारा हत्ती दिसला, तसा काळुराम तीस पावलांवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आयुष्य हत्तीच्या डोक्यासमोर गेलेलं, पण जिवंत हत्ती एवढ्या जवळून पहिल्यांदाच.

"काळुराम," पंत मागून म्हणाले, "तुझ्या डोळ्यांबद्दल..."

"डोळ्यांचंच बगतोय, पंत! एवढा मोठा देह आणि डोळा सुपारीएवढा? कुणी आखलाय हा? याला पेणला आणा, मी नीट मोठे करून देतो."

माहुताला मराठी येत नव्हती, पण हत्तीला येत असावी. त्याने ओंडका टाकला, पुढे येऊन सोंडेने काळुरामची टोपी उचलली आणि झाडावर ठेवली.

तळाला काच बसवलेल्या होडीत मात्र काळुरामची पंचाईत झाली. सगळे वाकून ओरडत होते, "तो पिवळा! तो पट्ट्यांचा!" आणि हातभर अंतरावरच्या काचेत काळुरामला नुसतं निळं धुकं. गप्प बसावं तर बिंग फुटणार. त्याने श्वास आत ओढला आणि ठोकून दिलं, "वा! त्यो बगा, जाडा, गोरा मासा! पाच कल्ले हायत त्याला!"

पंतांनी काचेवरचा पाय मागे घेतला. मग हळूच म्हणाले, "तो माझा पाय आहे, काळुराम."

शेवटच्या दिवशी दुपारी मंडळी किनाऱ्यावर गेली. पंतांनी समुद्रस्नान उरकलं, खडकाआड कपडे बदलले, आणि त्यांच्या लक्षात आलं की पायजम्याची नाडीच सुटून कुठेतरी पडलीय. सहलीत कपड्यांची अदलाबदल नको म्हणून विमलबाईंनी मुद्दाम काळ्या-पांढऱ्या धाग्यांची नाडी विणून घातली होती. पंत एका हाताने पायजमा धरून काळुरामसमोर उभे राहिले. उद्या परतीचं जहाज होतं.

"काळुराम, आज हत्ती दाखव नाहीतर डायनासोर दाखव, मी बोलणार."

काळुरामने क्षितिजापर्यंत नजर फिरवली. काय नशीब! कावळा नाही, कुत्रं नाही, एक खेकडासुद्धा बाहेर नाही. तेहेतीस वर्षांचा पाट पायाखालून सरकताना त्याला दिसला. तेवढ्यात पायाशीच, खडकाच्या कडेला वाळूत काळं-पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. बुडत्याला काडी मिळाली.

"आधी नाडी तर घ्या, पंत!" त्याने वाकून ती उचलली. "ओली हाय. थांबा, पिळून देतो."

नाडीने मान वर केली.

पंतांचा चेहरा शाडूच्या मातीसारखा झाला. बोट वर झालं, पण आवाज फुटेना. शेवटी जो फुटला तो पार जहाजाच्या धक्क्यापर्यंत गेला असेल. "ज-ज-जनावर!"

"पंत, ती युक्ती माझी हाय," काळुराम दुखावून म्हणाला.

"अरे साप आहे तो! समुद्रातला! विषारी! सोड! नाही, सोडू नको! म्हणजे सोड, पण तिकडे!" आणि काय करावं ते न सुचून पंतांनी स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढला आणि लांबूनच पुढे केला. "आधी बघ तरी काय धरलंयस!"

काळुरामने एका हाताने चष्मा चढवला.

मग हात नाकासमोर आणला. साप त्याच्या बोटांना शांतपणे विळखा घालून होता. अंगावर काळी वलयं, एकेक जिथे सुरू झालं तिथेच येऊन मिळालेलं. कुठे हात हललेला नाही. डोक्याच्या बाजूला मोहरीएवढं बुबुळ, बरोबर जागच्या जागी.

"काय आखणी हाय, पंत," तो पुटपुटला. त्याने हलकेच वाकून सापाला खडकाशी ठेवलं, तसा तो फटीत निघून गेला. मग काळुराम वाळूत बसला. चष्मा तसाच नाकावर. "दोन वर्सं झाली, पंत. ब्रशचं टोकच दिसत नाय. अंदाजानं आखत होतो. आता बोला काय बोलायचं ते."

पंत शेजारी बसले. पायजमा सोडून चालणार नव्हतं, म्हणून एकाच हाताने त्यांनी काळुरामची पाठ थोपटली. मग डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले. चष्म्याविना त्यांना काळुराम दोन दिसत होते. त्यातल्या एकालाही उठवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"हा चष्मा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा."

"मग तुला कुठे चष्मा लागलाय?"

नियम मोडला नाही. त्या वर्षी जुलैत आखणी सुरू झाल्यापासून सकाळी आठ ते एक पंतांचा चष्मा काळुरामच्या नाकावर असतो, आणि पंत पाटाशेजारी पेपर घेऊन नुसते बसतात. दोन गणपतींच्या मध्ये काळुराम त्यांना मथळे वाचून दाखवतो. अनयने एकदा सुचवलं, "काका, साठ रुपयांत दुसरा चष्मा येतो." तेव्हा दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो छापील डोळ्यांचं पाकीट खिशात घालून बाहेर गेला.

गणपतीच्या आधी कमळाकर रोह्याहून मूर्ती न्यायला आले. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. देव सरळ त्यांच्याकडेच बघत होता, थोडा रोखूनच. तरी तक्रारीवाचून जायचं कसं? त्यांनी देवाच्या पोटावरच्या नागावर बोट ठेवलं. तो काळ्या-पांढऱ्या वलयांचा होता.

"हा कुठला नाग, काळुराम? असा आम्ही कधी बघितला नाही."

काळुरामने चष्मा कपाळावर सरकवला.

"नाग नाय तो," तो म्हणाला. "पंतांची नाडी हाय."